वन्संनी पडद्यावर लावलेलं लग्न

माणसाच्या तोंडाकडं बघावं तर आमच्या वन्संनी. अख्ख्या सोलापुरात त्यांच्याइतकं निरखून, निवांत आणि समोरच्याची काडीची भीड न ठेवता माणसाचं तोंड बघणारं दुसरं कुणी झालं नाही आणि होणारही नाही, हे मी त्यांची सख्खी भावजय असून सांगते. भावजय नणंदेचं कौतुक करायला लागली की ऐकणारा आधी डोळे बारीक करतो, हिला काही हवंय का म्हणून. मला आता काही नको. वन्संचं कौतुक करायचा मान मात्र मला पाहिजे, कारण ज्या काळात आमच्या गल्लीतल्या बायका मॅटिनीला जायच्या त्या भाजी आणायला चालले असं सांगून जायच्या, त्या काळात आमच्या वन्संनी सिनेमा काढला. बघितला नव्हे, काढला. आणि असला काढला की बघणाऱ्यांनी हातभार लावल्याशिवाय तो पुढंच सरकायचा नाही.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. हे शाळेत गणिताचे मास्तर, आणि वन्सं नवी पेठेतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत रिटचिंग करायच्या. आता ते काम कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगते. तेव्हा फोटो काढला की आधी त्याची निगेटिव्ह यायची, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके देत बसलं, की मुरमांचे खड्डे, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या असं सगळं छापलेल्या फोटोतून नाहीसं व्हायचं. गिऱ्हाईक बहुतेक लग्नाच्या मुलींचं. पार जेऊर-करमाळ्यापासून मुली ‘दाखवायचा’ फोटो काढायला यायच्या, बरोबर आई नाही तर मामी, आणि मामी हळूच वन्संच्या कानाशी लागायची, की बाई, जरा उजळ करा की. वन्सं उजळ करायच्या. तेलुगू मुलीशी तेलुगूत, कानडी मुलीशी कानडीत आणि मुसलमान मुलीशी दखनीत बोलायच्या, तिन्ही भाषा सारख्याच मोडक्या, आणि मुलगी त्या मोडक्या बोलण्याला फसकन हसली की मालकांना खूण करायच्या, दाबा बटन. सोलापुरातली कितीतरी लग्नं वन्संच्या पेन्सिलीनं जमली. त्यांचं स्वतःचं तेवढं जमेना.

जमणार कसं? बार्शीकडचं एक स्थळ त्यांना बघायला आलं होतं, ती हकीकत आमच्या घरात अजून सांगतात. मुलगा खुर्चीत बसलेला, वन्सं पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, आणि बशी हातात द्यायच्या ऐवजी त्याच्याकडं बघतच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्या नाकाची सावली ओठावर पडतेय, जरा खिडकीकडं सरका. तो सरकला. मान थोडी डावीकडं घ्या. त्यानं घेतली. सासूबाई मागून डोळे वटारतायत, हे घसा खाकरतायत, पण वन्सं त्याला तीन जागी हलवून मगच थांबल्या. खिडकीच्या त्या उजेडात तो मुलगा खरंच इतका देखणा दिसायला लागला की त्याचे आईवडील त्याच्याकडं बघतच राहिले, आणि आठवड्यानं निरोप आला, की आम्हांला ह्याहून बरं स्थळ मिळेलसं वाटतं. वन्संना त्याचं काही नाही. त्या म्हणाल्या, मुलगा मुळात वाईट नव्हताच, आजवर त्याला कुणी उजेडात बसवलं नव्हतं. हळदीकुंकवाला गेल्या तरी तेच. समोरची बाई ओटी भरतेय आणि ह्या तिला सांगतायत, की वहिनी, तुमच्या हनुवटीला पेन्सिल लावायची गरजच नाही, कुणी लावू म्हणालं तरी लावू देऊ नका. त्या बाईला हे कौतुक आहे की टोमणा ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिनं आम्हांला पुढच्या वर्षी बोलावलं नाही.

सिनेमाला जायचं तर वन्संबरोबर जाऊ नये असं माझं ठाम मत होतं, तरी मी दर वेळी जायची. त्या सर्वांत पुढची जागा घ्यायच्या आणि सिनेमा सुरू झाला की पडद्याकडं पाठ करून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून लोकांकडं बघत बसायच्या. मागचे लोक आधी हसायचे, मग चिडायचे, मग बॅटरीवाला यायचा आणि म्हणायचा, बाई, सिनेमा तिकडं आहे. एकदा मी वैतागून विचारलंच, की वन्सं, तिकीट काढून पाठ कशाला करता? तेव्हा त्या म्हणाल्या, “पडद्यावर काय व्हायचं ते ठरूनच आलंय वहिनी. अजून ठरायचं असेल तर ते इकडं.” मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. हे तर म्हणाले, हिला चष्मा लागला असेल, डॉक्टरला दाखवू.

डॉक्टर कामाला आले, पण वेगळ्या कारणानं. सात रस्त्याकडं राहणारे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांच्या वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला होता. वन्संनी तो असा नीट करून दिला की डॉक्टर तो हातात धरून स्टुडिओतच रडले. त्यांच्याकडं परदेशातून आणलेला, चावी देऊन चालवायचा सिनेमाचा कॅमेरा होता. पोरांचे वाढदिवस टिपून झाल्यावर तो कपाटात पडला होता. बाई, तुम्हांला काय देऊ, असं त्यांनी विचारलं आणि आमच्या वन्संनी बिनदिक्कत तो कॅमेराच काही महिन्यांसाठी मागितला. स्टुडिओच्या मालकांबरोबर फोटोसाठी दिवा धरायला त्या लग्नांना जायच्या, आणि एक गोष्ट त्यांच्या डोक्यात कधीची घर करून होती. मंगलाष्टकं चालू असतात, मधे अंतरपाट धरलेला असतो, सगळा मांडव अक्षता मुठीत घेऊन उभा असतो, आणि ज्या मुलीचं सगळं आयुष्य त्या घटकेला बदलतंय तिच्या तोंडाकडं कुणीही बघत नाही. भटजी पोथीत, बाप पंगतीत, बाकीचे ‘सावधान’ कधी होतंय त्याच्या नादात. अक्षता म्हणजे आपला होकार, पण तो आपण कशाला देतोय हे टाकणाऱ्याला माहीतच नसतं, असं वन्सं म्हणायच्या. म्हणून त्यांना सगळा सिनेमा नवरीच्या बाजूनं काढायचा होता. पडद्यावर नवरीचं तोंड, आणि अक्षता बघणाऱ्यांच्या हातात. आत येतानाच प्रत्येकाला मूठभर द्यायच्या, काही सांगायचं नाही. शेवटी पाटी येणार: हे लग्न लागावं वाटत असेल त्यांनी अक्षता टाका, वाटत नसेल त्यांनी मूठ मिटून ठेवा. मग दिवे लागणार. अक्षता पडल्या तर लग्न लागल्याचं रीळ लावायचं, नाही पडल्या तर नवरी मुंडावळ्या काढून निघून जाते ते.

ह्यांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. नेमकं त्याच दिवसांत माळशिरसकडचं स्थळ आलेलं होतं, ऊसवाले बागायतदार, बिजवर, पण माणूस चांगला म्हणून सगळे सांगायचे. वन्संचं वय वाढत चाललं होतं, आणि भाऊ म्हणून ह्यांना खरोखर झोप लागत नव्हती, ते मी बघत होते. हे म्हणाले, सिनेमाबिनेमा सोड, माळशिरसला होकार कळवू. वन्सं म्हणाल्या, “दादा, लोकांनाच विचारू. त्यांनी अक्षता टाकल्या तर मी माळशिरसच्या मांडवात उभी राहते. नाही टाकल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.” हे एका क्षणात कबूल झाले, कारण गणिताचा माणूस. मुठीत अक्षता आहेत आणि टाकल्या नाहीत असा माणूस सोलापूर जिल्ह्यात जन्मलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर त्यांनी माळशिरसच्या पाहुण्यांना पत्र टाकून खेळाचं बोलावणंही केलं, सगळी अट कळवून. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वन्संनी मात्र आणखी एक भाकरी मागून घेतली.

नवरी कोण, तर मी. दोन पोरांची आई, कमरेत जाड झालेली, आणि मला म्हणे मुंडावळ्या बांधायच्या. मी म्हटलं, वन्सं, गावात चांगल्या पोरी नाहीत का. त्या म्हणाल्या, चांगल्या आहेत, पण त्यांना अजून आठवायला काही नाही. मग नवरा कोण हा प्रश्न आला. पडद्यावर नवऱ्याचे फक्त पाय दिसणार होते, अंतरपाटाच्या खालून. वन्संनी शेजारच्या एका बँकेतल्या गृहस्थांचे पाय पसंतही केले होते. पण हे ऐकल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, दुसऱ्या कुणाचे पाय नकोत. सिनेमाला सक्त विरोध असलेला हा माणूस मग दोन रविवार सोवळं नेसून, पाय धुऊन, आमच्याच गच्चीवर अंतरपाटापलीकडं उभा राहिला, वर मान न करता. गल्लीतल्या बायका जिन्यावर दाटून बघायच्या. कॅमेऱ्याची चावी अर्ध्या मिनिटात उतरायची, म्हणून वन्सं मला म्हणायच्या, नाटक करू नका, तुमच्या लग्नात ह्या घटकेला मनात काय होतं तेवढं आठवा, बाकी मी बघते. मी आठवलं. गर्दीत माझी आई कुठं दिसेना, आणि पलीकडं उभ्या असलेल्या माणसाचा आवाजसुद्धा मी तोवर ऐकलेला नव्हता. माझ्या तोंडावर काय उमटलं ते मला ठाऊक नाही. वन्संनी चावी उतरल्यावरही बराच वेळ डोळा कॅमेऱ्यापासून काढला नाही.

लग्न न झाल्याचं रीळ सिद्धेश्वर तळ्याच्या काठानं घेतलं, मी एकटी चालत जाते, बास. त्यात चालता चालता एक पाय उचललेला असतानाच चावी संपली, आणि फीतही तिथंच संपली. जी फीत कॅमेऱ्यात घातली तीच मुंबईहून धुऊन परत यायची, दुसरी प्रत नाही, पुन्हा घ्यायला फीत नाही. वन्संनी ते तसंच ठेवलं. पाटी चौकातल्या पेंटरकडून मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही लिपींत रंगवून घेतली, कारण बाकी सिनेमा मुका होता. आमच्या गावाला मुका सिनेमाच बरा, असं त्या म्हणायच्या, कुणाला कमीजास्त वाटायला नको.

खेळ एका वाचनालयाच्या सभागृहात, रविवारी सकाळी. गावातल्या काही प्राध्यापकांनी चांगले सिनेमे दाखवायला एक मंडळ काढलं होतं, त्यांनी जागा मिळवून दिली. प्रोजेक्टर आणला तो खेड्यापाड्यांत कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवणाऱ्या एका चाचांनी. त्यांनी तिन्ही रिळं हातात घेऊन गोष्ट समजून घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “इत्ते साल मैं शादी के बाद का दिखाया, आज पैली बार पैले का दिखारौं.” अक्षता ज्वारीच्याच, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं, कुंकवात रंगवलेल्या. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, धान्य उधळायचं म्हणून सासूबाईंनी थोडी कुरकुर केली, पण रंगवून त्यांनीच दिल्या.

वन्सं स्वतः दारात ताट घेऊन उभ्या होत्या. आमची गल्ली आली, साखर पेठेतली विणकर मंडळी आली, प्राध्यापक आले, डॉक्टर आले. माळशिरसचे पाहुणे, म्हणजे खुद्द ते बागायतदारच, पांढरा फेटा बांधून आले, त्यांनी ओंजळ पुढं केली आणि वन्संनी त्यांच्या तोंडाकडं नीट बघून मगच त्यांना अक्षता दिल्या. सगळ्यांच्या मागून सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या लग्नात मांडवात पुढं येत नसत. मागच्या खोलीत बसायच्या, आणि अक्षतांचं ताट त्यांच्यापाशी आलं की फिरवणारी मुलगी गोरीमोरी होऊन पुढं सरकायची. इथंही त्या ताट टाळून आत शिरायला लागल्या. वन्संनी त्यांचा हात धरला, उघडला आणि मूठ भरली. सासूबाई त्या मुठीकडं बघत जाऊन सवयीनं शेवटच्या रांगेत बसल्या.

दिवे गेले. पडद्यावर मी. आता स्वतःचंच कसं सांगावं, पण इतकं मोठं माझं तोंड मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझं असलं तरी चांगलं होतं. पहिली दोन मिनिटं सभागृह गप्प होतं. भटजींचे ओठ हलतायत, आवाज नाही. मुंडावळ्या हलतायत, आवाज नाही. आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या शेजारच्या काकू तिसऱ्या रांगेत होत्या. गल्लीत लग्न कुणाचंही असो, वधूवरांची नावं गुंफून मंगलाष्टकं करायची आणि म्हणायची काकूंनीच. लग्न समोर चाललंय आणि मंगलाष्टक नाही हे त्यांना सोसेना. त्या अंधारात उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, ह्यांचं आणि माझं नाव घालून. कडवं संपलं तसं सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, शुभ मंगल सावधान, आणि ज्वारीची पहिली सर पडली. मग दुसरं कडवं. मग तिसरं. आपल्या लग्नात कडव्याकडव्याला अक्षता टाकायच्या असतात, हे पोराटोरांना माहीत, आणि वन्संना, ज्यांनी आयुष्यभर लग्नांत दिवे धरले, त्यांनाच ते सुचलं नव्हतं. त्या तोंडांकडं बघत होत्या ना, हातांकडं कधी बघितलंच नाही. चाचा मागून ओरडत होते की मशीनमें जवारी जारई. आणि वन्सं? त्या पडद्याच्या बाजूला, पडद्याकडं पाठ करून उभ्या होत्या, आणि लोकांच्या तोंडाकडं असं काही बघत होत्या की मला त्यांचा रागही येईना.

पाटी आली. हे लग्न लागावं वाटत असेल त्यांनी अक्षता टाका. चाचांनी दिवे लावले. सगळ्यांनी पाटी वाचली, आणि सगळ्यांनी आपापले हात बघितले. हातांना नुसतं कुंकू लागलेलं. जमिनीवर सगळा लाल सडा. कुणी वाकून गोळा करायला लागलं तसं काकूंनी बजावलं, पायाखाली गेलेल्या अक्षता उचलू नयेत. हे पहिल्या रांगेतून उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरलेलाच होता. म्हणाले, पडल्या की अक्षता, झालं, तू शब्द दिलायस. वन्सं म्हणाल्या, विचारायच्या आधी पडल्या, त्या होकारात धरायच्या नाहीत. हे म्हणाले, मग नकार तरी कुठाय, हात तर रिकामेच आहेत. तेही खरंच होतं. वन्संनीच मला कितीदा सांगितलं होतं, की नकार द्यायचा तर हातात अक्षता असून द्यायचा, नाहीतर त्याला किंमत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पहिल्यांदा उडालेला बघितला. लोकांना वाटत होतं हा सिनेमातलाच भाग आहे. आम्हा घरच्यांना ठाऊक होतं की माळशिरसची तारीख ठरतेय.

तेवढ्यात फेटेवाले पाहुणे उठले. हात जोडून ह्यांना म्हणाले, “मास्तर, न विचारता टाकलेल्या न्हाय धरायच्या. बाईंचं बराबर हाय. कुणाकडं ऱ्हायल्या असतील तर बघा की.” मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. वन्संनी विचारलं, आहेत का कुणाकडं. लोकांनी लाल झालेले रिकामे पंजे दाखवले. मग मागून सासूबाईंचा आवाज आला, माझ्याकडं आहेत. सगळ्या माना वळल्या. त्यांनी एकाही कडव्याला टाकल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी हातात आलेल्या त्यांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या.

हे म्हणाले, आई, टाक की मग.

सासूबाई माहेरच्या अक्कलकोटच्या. फार मनातलं असलं की त्यांच्या तोंडी कानडी यायचं. त्या म्हणाल्या, “ब्याड.” मग मुलाला नीट समजावं म्हणून मराठीत म्हणाल्या, “नको. तिचं तोंड बघितलंस का तू? माझंही तसंच होतं. कुणी बघितलं नाही.” आणि मूठ मिटलेलीच मांडीवर ठेवली.

हे उभ्याचे बसले. बसले, आणि वळून माझ्याकडं बघितलं. पडद्यावरच्या नाही, माझ्याकडं. ते काय बघणं होतं ते मी लिहीत नाही, ते माझं आहे. चाचांनी कुणाला न विचारता दुसरं रीळ चढवलं, दिवे घालवले, आणि मी तळ्याच्या काठानं चालायला लागले. एक पाय उचललेला असताना सिनेमा संपला. मग काकू म्हणाल्या, लग्न मोडलं ते ठीक, पण केलेल्या स्वयंपाकाचं काय, आणि सगळे हसत हसत उठले. पाहुणे जाताना ह्यांना म्हणाले, ह्या बाईंना आमच्या वाड्यात कोंडलं तर मला पाप लागंल, आणि त्या वर्षी संक्रांतीला त्यांनी गुळाची ढेप पाठवली. सासूबाईंनी त्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या, पुढं त्यांचं काय केलं मी विचारलं नाही. ह्यांनी शब्द पाळला. लग्नाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही, उलट शाळेत कुणी बहिणीचं विचारलं की हे छाती काढून सांगायचे, ती सिनेमा करते. तो सिनेमा पुढं एकदा पुण्याला नेला होता. तिथं लोकांनी अक्षता हातात धरून इतकी चर्चा केली की जेवायची वेळ झाली, आणि शेवटी अक्षता खिशात घालून सगळे घरी गेले. वन्सं म्हणाल्या, आपलं सोलापूर बरं. लग्न लागल्याचं ते रीळ कधी कुणी बघितलंच नाही.

वन्संनी पुढं स्टुडिओ चालवला, मुलींना काम शिकवलं, आणि माझ्या लेकीच्या लग्नात, केस पांढरे झालेले असताना, एक गोष्ट केली. अंतरपाट धरला, भटजींनी सुरुवात केली, आणि वन्सं हात वर करून म्हणाल्या, थांबा. सगळा मांडव थांबला. त्या वळसा घालून नवरीच्या बाजूला गेल्या आणि तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. व्याही चुळबुळ करायला लागले, पण आमच्याकडचं कुणी हललं नाही, हेसुद्धा नाहीत. मी मुठीत अक्षता धरून त्या दोघींकडं बघत होते, आणि मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मग वन्सं माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, “वहिनी, टाका. पोरगी खुशीत आहे.” आयुष्यात मी कितीतरी लग्नांत अक्षता टाकल्या असतील, पण मला माहीत असून टाकल्या त्या तेवढ्याच.

आता वन्सं नाहीत, हेही नाहीत. परवा नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. ताट आलं, मी मूठ भरून घेतली आणि खुर्चीवरून उठून, टाचा उंचावून नवरीचं तोंड दिसतंय का ते बघत राहिले. पुढं सगळे फोटोवाले उभे होते, काही दिसलं नाही.